दहावा शब्द

आमच्याकडे माणसं मोजत नाहीत. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले मराठी ज्यू. एक, दोन, तीन असं बोट फिरवत माणसांची मोजदाद करू नये, अशी जुनी शिकवण आहे. पण प्रार्थनेला दहा पुरुष जमलेत का, हे तर बघावंच लागतं. त्यासाठी स्तोत्रांतली एक ओळ म्हणतात. हिब्रूत तिचे नेमके दहा शब्द आहेत. ‘होशिया एत अमेखा, उवारेख एत नहलातेखा, उरेम वेनासेम अद हाओलाम.’ एकेका माणसावर नजर ठेवायची आणि एकेक शब्द पुटपुटायचा. तुझ्या लोकांना तार, तुझ्या वतनाला आशीर्वाद दे, त्यांचा सांभाळ कर, त्यांना उचलून घे, सदासर्वकाळ. शेवटचा शब्द ज्याच्या वाट्याला येतो तो दहावा. तो आला की मिन्यान पुरं झालं. मग गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, कादिश, म्हणता येतं, हेखालाचा, म्हणजे पवित्र कपाटाचा, पडदा सारून सेफेर तोरा, धर्मग्रंथाची गुंडाळी, बाहेर काढता येतो. नऊच असतील तर नाही.

गेल्या किस्लेव महिन्यात आईला जाऊन वर्ष झालं. भाऊ इस्रायलमध्ये लोदला असतो. त्याच्या घराखालीच सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे, तिथे सकाळ-संध्याकाळ माणसं मिळतात, त्यामुळे त्याच्या कादिशची काळजी नव्हती. बाबांच्या मनात मात्र वेगळं होतं. ज्या मशिदीत त्यांचं लग्न लागलं, जिथे आई पांढऱ्या साडीत दारातून आत येताना त्यांनी तेब्यावर, म्हणजे प्रार्थनेच्या चौथऱ्यावर, उभं राहून ‘योनाती झिव्ह’ हे लग्नाचं गाणं म्हटलं, तिथेच त्यांना आईचं कादिश म्हणायचं होतं. मशीद म्हणजे सिनेगॉगच. आमच्या लोकांनी पूर्वापार तोच शब्द वापरला. सामुएल इझिकेल दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेतून सुखरूप सुटले आणि त्यांनी १७९६ साली मुंबईत मांडवीला सिनेगॉग बांधलं, ते आजही आमच्यात ‘जुनी मशीद’ आहे. बाबांची मशीद तिच्यामानाने लहान, अलिबागच्या बाजूची, कौलारू. पूर्वी सणाला तिथे बसायला बाक पुरत नसत.

महिनाभर बाबा फोन करत होते. वहीत नावं लिहिली होती, पुढे गावं. पेण, पनवेल, ठाणे, अलिबाग. दहा नावं झाली तेव्हा त्यांनी वही मिटली आणि त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवले.

गुरुवार होता. ठाण्याहून पहाटे साडेचारला निघालो, वडखळला चहा घेतला, उजाडता उजाडता पोचलो. मशिदीची देखभाल करणाऱ्या शमाशकाकांनी झाडून-पुसून ठेवलं होतं. छताला टांगलेले काचेचे दिवे, मधोमध कठडा असलेला तेबा, भिंतीशी एलियाहू हनाबीची, म्हणजे एलिया संदेष्ट्याची, खुर्ची. सुंतेच्या वेळी बाळाला त्या खुर्चीवर ठेवतात. बाबांनाही कधीकाळी तिच्यावरच ठेवलं होतं. एकेक जण येत गेला. कुणी गुडघे धरत पायऱ्या चढला, कुणाला मुलाने गाडीने आणून सोडलं. साडेआठला शमाशकाकांनी ओळ म्हणायला घेतली. मी माडीवर, बायकांच्या बाजूला एकटीच होते. वरून मला सगळ्यांच्या टोप्या दिसत होत्या. होशिया, एत, अमेखा. सातव्या शब्दाला बाबा आले. नववा शब्द पनवेलच्या एका तरुण मुलाच्या वाट्याला आला आणि काका थांबले.

‘अद.’ म्हणजे ‘पर्यंत’.

पेणचे एक काका येणार होते, त्यांचं बीपी रात्री वाढलं आणि त्यांना दाखल करावं लागलं. फोनवर ते रडत होते, असं बाबा नंतर म्हणाले. अकरापर्यंत वाट पाहायची ठरली. कुणी पुण्याला फोन लावला, कुणी मांडव्याच्या लाँचमध्ये ओळखीचं कुणी आहे का ते विचारलं. मी वर बसून होते. त्या छताखाली दहा माणसं होती. दहावी मी होते, आणि मोजणीत नव्हते.

त्या अडीच तासांत माझ्या मनात जे आलं ते लिहायचं म्हणून हा लेख लिहायला घेतला.

आमच्या आडनावात गाव आहे. पेणकर, रोहेकर, दिवेकर, अष्टमकर, किहीमकर, नवगावकर. रायगड जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला तर बेने इस्रायलांची हजेरीच लागते. परंपरा सांगते की नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. किनाऱ्याला लागलेली प्रेतं त्यांनी तिथेच पुरली, आणि ते दफनस्थान आजही आहे. त्यांच्याबरोबरचे ग्रंथ समुद्राने नेले. उरलेल्यांनी तिळाचा, खोबऱ्याचा घाणा टाकला, तेल गाळायला लागले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवला. गावाने त्यांना नाव दिलं, शनिवार तेली.

मला या नावाचं फार वाटतं. लहानपणी त्याची लाज वाटायची. वर्गात कुणी पारशी समजायचं, कुणी ख्रिश्चन. फॉर्मवर धर्माच्या रकान्यात ‘इतर’ लिहावं लागायचं. त्यात आणखी तेली कशाला, असं वाटायचं. आता वाटतं, की जगात कुणाला इतकं नेमकं नाव मिळालं नसेल. हे लोक काय मानतात ते शेजाऱ्यांना ठाऊक नव्हतं, त्या लोकांना स्वतःलाही धड सांगता आलं नसतं. घाण्याचा बैल शनिवारी उभा असतो, एवढं सगळ्या गावाला दिसत होतं. ‘शेमा इस्रायल’ ही एक प्रार्थना तोंडात राहिली होती. सुंता राहिली, शब्बाथ राहिला, आणि ताटात काय घ्यायचं, काय नाही ते राहिलं. परंपरेनुसार कोचीनहून दावीद राहाबी नावाचा ज्यू आला, तेव्हा हे खरंच ज्यू आहेत का ते बघायला त्याने आमच्या बायकांना मिसळीची मासळी रांधायला दिली. त्यांनी खवले आणि पर असलेली तेवढी निवडून घेतली आणि बाकीची बाजूला सारली. त्याला तेवढी ओळख पुरली. आमची आजी बाजारात गेली की कोळीण स्वतःच कोलंबीची पाटी मागे ओढायची. “तुमच्यात नाय चालत ना, काकी, ह्यो पापलेट घ्या.” तोरातला नियम त्या कोळणीलाही पाठ होता.

आजीच्या तोंडी सणांची हिब्रू नावं फारशी नसायची. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण. त्यानंतर खिरीचा सण. योम किप्पूर म्हणजे दरफाळणीचा सण, दारं लावून घेण्याचा. त्या दिवशी घरची दारं बंद, सगळे पांढऱ्या कपड्यांत, पाण्याचा घोट नाही, बाहेरच्याशी बोलणं नाही. दुसऱ्या दिवशी शिला सण, दारं उघडायची आणि दानधर्म करायचा. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याच्या उपासाला आमच्याकडे बिरड्याचा सण म्हणत, कारण त्या दिवसांत मटण बंद असायचं आणि घरोघर वालाचं बिरडं शिजायचं. पण सगळ्यांत मला अनशी ढाकाचा सण आवडतो. अनशी म्हणजे आंबट कालवणाचं मडकं. पेसाहला ते मडकं झाकून ठेवायचं, आठ दिवस त्याला हात लावायचा नाही. मिसर देशातून, म्हणजे इजिप्तमधून, घाईने निघताना आमच्या पूर्वजांना पीठ आंबवायलाही वेळ मिळाला नाही, म्हणून त्या सणात आंबवलेलं वर्ज्य. ती गोष्ट कोकणात पार विसरली गेली होती. फारो विसरला, मोशे विसरला, तांबडा समुद्र विसरला. मडकं झाकायचं तेवढं राहिलं. कितीतरी पिढ्यांच्या बायकांनी कारण माहीत नसताना दर वर्षी त्या दिवशी उठून मडक्यावर झाकण ठेवलं.

सिनाय पर्वताशी लोकांनी उत्तर दिलं होतं, ‘नाआसे वेनिश्मा’. आम्ही करू, आणि ऐकू. आधी करणं आणि मग समजून घेणं, असा त्या शब्दांच्या क्रमाचा अर्थ आमचे रब्बी, म्हणजे धर्मगुरू, फार पूर्वीपासून लावत आलेत. मी तो कॉलेजात असताना वाचला आणि मला आजीचं मडकं आठवलं.

समजून घेण्याची पाळी एकोणिसाव्या शतकात आली, आणि तीही भलत्याच वाटेने. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी मराठीतून हिब्रू शिकवायला सुरुवात केली. जॉन विल्सनचं हिब्रूचं मराठी व्याकरण १८३२ साली निघालं. त्यांचा हेतू आम्हाला ख्रिस्ती करण्याचा होता, आणि त्यात त्यांच्या हाती फारसं काही लागलं नाही. पण आमच्या हाती पुस्तक लागलं. कोचीनच्या ज्यू शिक्षकांनी प्रार्थना शिकवल्या. पेसाहच्या रात्री वाचायचा हगादा मराठी भाषांतरासह छापला गेला. १८७४ साली पुण्यात निघालेल्या हगाद्यातल्या चित्रांत तर लुगडं नेसलेल्या बायका मात्सा, म्हणजे न आंबवलेल्या भाकऱ्या, भाजताना दिसतात. १८८० साली मुंबईत बेने इस्रायलांनी कीर्तनं सुरू केली. अब्राहम, योसेफ, मोशे यांची आख्यानं, ओव्या आणि साक्यांसह, बुवा उभे राहून सांगत. माझ्या पणजोबांनी योसेफाची गोष्ट पहिल्यांदा ऐकली ती अशी, टाळांच्या आवाजात. भाऊ योसेफाला विहिरीत टाकतात तिथे बायका पदराने डोळे पुसायच्या, असं आजी सांगायची.

मग १९४८. इस्रायल झालं आणि आमची माणसं निघाली. तेव्हा भारतात बेने इस्रायल २०,०००च्या आसपास होते, आता चारपाच हजार उरलेत. कुणी छळलं म्हणून कुणी गेलं नाही, हे मात्र पुन्हा पुन्हा सांगायला हवं. इथल्या शेजाऱ्यांनी आम्हाला कधी परकं केलं नाही. गेले ते ओढीने गेले. दर पेसाहला ‘पुढच्या वर्षी जेरुसलेममध्ये’ म्हणणाऱ्या माणसाला जेरुसलेमचं तिकीट मिळालं तर तो काय करेल?

तिथे जे झालं ते मात्र आमच्या जिव्हारी लागलं. १९५१-५२ मध्ये बीरशेबात राहायला गेलेल्या काहींनी भेदभावाच्या तक्रारीवरून धरणं धरलं आणि कुटुंबंच्या कुटुंबं भारतात परत आली. (त्यांतली बरीचशी पुढे पुन्हा गेली. ओढ काही सुटत नाही.) आणि मग १९६२ साली तिथल्या सर्वोच्च धर्मपीठाने आदेश काढला, की बेने इस्रायल मुलामुलींची इतर ज्यूंशी लग्नं लावण्याआधी त्यांच्या वंशाची चौकशी करावी. आई, आजी, पणजी, जमेल तितकं मागे. शंका अशी, की आमच्या पूर्वजांना तालमूद या धर्मशास्त्राच्या ग्रंथातला घटस्फोटाचा विधी ठाऊक नव्हता, तेव्हा पूर्वी कधी विधीविना काडीमोड होऊन बाईने दुसरं लग्न केलं असेल तर त्या संततीचं काय. कायद्याच्या पुस्तकात ही शंका बसते. पण ज्या बायकांनी पुस्तक नसताना झाकणं ठेवली, त्यांच्या नाती-पणत्यांना हे विचारलं जात होतं. १९६४च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये आमच्या लोकांनी मोठं आंदोलन केलं, इतर ज्यूही त्यांच्यासोबत उभे राहिले. ऑगस्टमध्ये संसदेने ठराव केला की बेने इस्रायल सर्व अर्थांनी ज्यू आहेत, आणि आदेशातून आमचं नाव निघालं.

माझी आत्या तेव्हा विशीत होती आणि त्या गर्दीत होती. ती हे सांगायची तेव्हा राग नसायचा तिच्या आवाजात, आश्चर्य असायचं. “अगं, इथे शनवार पाळायचे म्हणून गावाने आपल्याला नाव ठेवलं, आणि जिथे सगळेच शनवार पाळतात तिथे म्हणतात, तुम्ही कोण?” २०१६ साली जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बेने इस्रायलांच्या रक्तात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा वारसा आहे आणि भारताचाही आहे, असं त्यात निघालं. भावाने उत्साहाने लिंक पाठवली. मी वाचली, बरं वाटलं. आणि लगेच वाईट वाटलं की मला बरं वाटलं. पेशींकडून दाखला मिळाल्यावर आजीचं मडकं जास्त खरं होणार होतं का?

एक गोष्ट लिहावी की नाही असं मनात होतं, पण ती गाळली तर हा लेख खोटा होईल. आमच्यातही ‘गोरे इस्रायल’ आणि ‘काळे इस्रायल’ होते. ज्यांची आई बाहेरची, त्यांची संतती काळी. रोटी-बेटी व्यवहार नाही, मशिदीत बसायची जागा वेगळी. घरात काही भांडी अशी होती जी ‘त्यांना’ द्यायची नसत. आजीच्या पिढीने हे पाहिलंय. म्हणजे ज्या प्रश्नाने आम्ही जेरुसलेममध्ये दुखावलो, तोच प्रश्न आम्ही इथे आमच्याच माणसांना पिढ्यानपिढ्या विचारत होतो. आत्याला मी हे म्हटलं तेव्हा ती खूप वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “हो. आणि आपण त्यांची माफी कधी मागितली नाही.”

माडीवर बसून हे सगळं आठवत होतं, कारण माझाही प्रश्न मोजणीचाच होता. मी परंपरेवर रागावलेली नाही. दहा पुरुषांचा नियम मला ठाऊक आहे, त्यामागची कारणमीमांसा मी वाचली आहे. पण आईसाठी बाबांइतकीच तोंडाशी आलेली प्रार्थना घेऊन मी तिथे बसले होते आणि दहा होत नव्हते, याचं दुःख मला झालं आणि ते मी लपवणार नाही.

त्या वेळी मला डॉ. जेरुशा झिराड आठवल्या. झिराड हे अलिबाग तालुक्यातलं गाव, आम्ही बसलो होतो तिथून फार लांब नाही. १८९० सालचा जन्म. सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला जाऊन वैद्यकशास्त्र शिकल्या, स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून मुंबईत कामा हॉस्पिटल सांभाळलं, १९६६ साली पद्मश्री मिळाली. लंडनमध्ये त्यांना उदारमतवादी ज्यू विचारांची माणसं भेटली होती, आणि परत आल्यावर १९२५ साली त्यांनी मुंबईत ज्युइश रिलिजस युनियनची स्थापना केली. त्यातूनच पुढे भायखळ्याची रोदेफ शालोम मशीद उभी राहिली. शंभर वर्षं झाली या गोष्टीला. कोकणातल्या गावाचं नाव लावणारी एक बाई तेव्हाच विचारत होती, की आपण हे जे करतो ते समजून का करू नये, आणि करण्यात आपल्यालाही का धरू नये. ‘करू’ आणि ‘ऐकू’ यांतला दुसरा शब्द त्यांनी उचलला, असं मला वाटतं.

आज ज्यू असणं म्हणजे काय, हे लोक वेगवेगळ्या तऱ्हेने विचारतात. ऑफिसात कुणी म्हणतं, धर्म की जात? राज्य सरकारने २०१६ साली आम्हाला अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली, तेव्हा निदान कागदावर त्याचं उत्तर मिळालं. २६ नोव्हेंबर २००८ नंतर मुंबई-ठाण्याच्या मशिदींबाहेर पोलीस बसतात. नरिमन हाउसमध्ये मारले गेलेले रब्बी आणि त्यांची पत्नी दारात आलेल्या कुठल्याही ज्यूला शुक्रवारी जेवायला थांबवून घ्यायचे. आणि ७ ऑक्टोबर २०२३ नंतर तर सगळ्यांनाच माझ्याकडून एका वाक्यात उत्तर हवं असतं. कुणी मेसेज करतं, ‘तुमच्यांनी काय धुतलं!’ कुणी बोलायचंच बंद झालं. भावाच्या घरात सायरन वाजला की ते चौघं आतल्या खोलीत जातात आणि बाहेर आल्यावर मला एक टिंब पाठवतात, नुसतं टिंब, म्हणजे आम्ही ठीक आहोत. त्या टिंबाची वाट बघताना माझे हात गार पडतात. आणि गाझातल्या ढिगाऱ्याखालून काढलेल्या मुलाचा फोटो बघते तेव्हाही ते तसेच गार पडतात. मला यातलं एक निवडता येत नाही. परक्याला छळू नका, कारण मिसर देशात तुम्ही परके होता, हे तोरा एकदा सांगून थांबत नाही, पुन्हा पुन्हा सांगतो. पेसाहच्या रात्री मिसरींवर आलेल्या दहा पीडा वाचताना बाबा दर पीडेला पेल्यात बोट बुडवून एक थेंब बशीत टाकतात. आमच्याकडे त्या पेल्यात काळ्या मनुका भिजवून, उकळून, गाळून केलेलं सरबत असतं. लहानपणी मी विचारलं होतं, थेंब का टाकायचे. आई म्हणाली होती, त्यांचीही मुलं मेली ना, मग आपला पेला भरलेला कसा ठेवायचा.

आई गेल्यावरचा पहिला नव्याचा सण मी एकटीने केला. चिकाचा हलवा केला. गहू भिजवले, रोज पाणी बदललं, वाटून चीक काढला, नारळाचं दूध घातलं, साखर घातली, गुलाबी रंगाचे थेंब टाकले आणि ढवळत राहिले. यात मधे सोडून चालत नाही. आई म्हणायची, हात थांबला की गुठळी. सव्वा तास ढवळल्यावर खांद्यात कळ आली आणि मी क्षणभर डाव हातातून सोडला. गुठळी झाली. बाबांनी ती खाल्ली, काही बोलले नाहीत, आणि दुसरी वडी घेतली.

अकरा वाजले. पुण्याहून कुणी निघू शकत नव्हतं. लाँचमध्ये कुणी नव्हतं. शमाशकाकांनी बाबांकडे पाहिलं आणि बाबांनी मान हलवली. कादिश राहिलं.

मग पनवेलचा तो तरुण मुलगा म्हणाला, तहिलीम, म्हणजे स्तोत्रं, वाचू या, त्याला दहा लागत नाहीत. आमच्यात एक रीत आहे. ११९ वं स्तोत्र हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमाने रचलेलं आहे, बावीस अक्षरं आणि प्रत्येक अक्षराच्या आठ ओळी. गेलेल्या माणसाच्या नावातली अक्षरं घेऊन तेवढ्या ओळी वाचतात. आईच्या नावात चार अक्षरं. सगळे एका बाकाभोवती बसले. बाबांनी वर बघून मला खाली बोलावलं. पहिलं अक्षर त्यांनी वाचलं, दोन अक्षरं इतरांनी मिळून वाचली, आणि पुस्तक माझ्या हातात आलं. मी हिब्रू सावकाश वाचते, अक्षरांखाली बोट ठेवून. आठ ओळींना मला कितीतरी वेळ लागला. नऊ जण थांबून होते, कुणी पुढचा शब्द सुचवला नाही.

परतताना गाडीत बाबा म्हणाले, “नियम मी केलेला नाही. पण तू वर बसलीयस हे मला दिसत होतं.” नंतर बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले.

त्या रात्री आम्ही ठाण्याला गेलो नाही, गावच्या घरी थांबलो. घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे असते, गेली तीस वर्षं. त्यांनी दुपारीच ओटी सारवल्यासारखी स्वच्छ करून ठेवली होती आणि विळीवर नारळ खोवायला बसल्या होत्या. “वैनींचा मलिदा आहे ना आज, भाऊ,” त्या बाबांना म्हणाल्या. “पोहे मी घरचेच आणलेत.” काचेच्या पेल्यात पाणी, त्यावर खोबरेल, त्यावर वात, असा आईचा दिवा आदल्या संध्याकाळी लावला होता, तो प्रवासात जपून आणलेल्या सामानातून काढून पुन्हा लावला. परातीत भिजवलेले पोहे, साखर, खोबरं, वेलची, बदाम. वर पाच फळं मांडली, गुलाब ठेवला. एलियाहू हनाबी याच भागातून स्वर्गात गेला असं आमची माणसं मानतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाच्या घोड्याची टाप दाखवतात, नवस फेडायला लोक तिथे जातात. त्याचं गाणं बाबांनी धरलं. मी धरलं. काकूंना ते शब्द कळत नाहीत, पण चाल इतक्या वर्षांत पाठ झाली आहे. त्यांनीही धरलं.

मग वाट्या भरायला घेतल्या. वाडीत प्रत्येक घरी मलिदा जायचा असतो. काकूंच्या सुनेने ओटीवर वाट्या ओळीने मांडल्या, स्टीलच्या, काही काचेच्या, एक दोन प्लास्टिकचे डबे. बाबा डावाने एकेकीत मलिदा घालत पुढे सरकत होते आणि ओठांत काहीतरी पुटपुटत होते. मी फळं चिरत होते, आधी लक्ष गेलं नाही. मग ऐकू आलं. उरेम, वेनासेम. एका वाटीपाशी ‘अद’ म्हणाले, डाव परातीत घातला, पुढची वाटी भरली. ‘हाओलाम.’

ओळीत अजून बऱ्याच वाट्या होत्या. त्यांनी परत ‘होशिया’पासून सुरुवात केली.